गावनकाशावर नावे व गट क्रमांक लिहिताना घ्यावयाची दक्षता

शेतीविषयक कोणताही सल्ला अखेर जमिनीच्या एका ठराविक तुकड्यासाठी असतो. मातीचा नमुना एका शेतातून घेतला जातो, त्याची तपासणी प्रयोगशाळेत होते आणि शिफारस पुन्हा त्याच शेतात परत यावी लागते. या प्रवासात शेताची ओळख ज्या एका गोष्टीवर टिकून असते ती म्हणजे नकाशावर लिहिलेला गट क्रमांक. तो आपल्या जागेवरून थोडा सरकला तर उत्तम तपासणीही वाया जाते, आणि एका शेतकऱ्याचे खत दुसऱ्याच्या रानात पडते.

कागल तालुक्यात दूधगंगा, वेदगंगा व चिकोत्रा या नद्यांच्या काठी अशा कित्येक जमिनी आहेत की ज्यांच्या सीमा नदीच्या वळणाबरोबर वळलेल्या आहेत. अशा शेतांचे नकाशे आता संगणकावर काढता येतात. हे काम खर्चाचे नाही व फारसे अवघडही नाही. तथापि नकाशाच्या रेषा जितक्या काळजीने काढल्या जातात तितक्या काळजीने त्यावरील अक्षरे लिहिली जात नाहीत, असा पुष्कळदा अनुभव येतो. एवढ्यासाठी या लेखात केवळ नकाशावरील व आकृतीवरील लेखनाचाच विचार केला आहे.

क्रमांकाचे महत्त्व

मुंबई इलाख्यात जमिनीच्या मोजणीची जी पद्धत रूढ झाली, तिचा पाया १८३५ नंतरच्या वर्षांत गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात घातला. प्रत्येक शेताला स्वतंत्र सर्व्हे नंबर देणे हे त्या पद्धतीचे मुख्य अंग होते. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानुसार जेथे एकत्रीकरण झाले तेथे सर्व्हे नंबरच्या जागी गट क्रमांक आले. कोल्हापूर संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाल्यावर या भागातील गावेही त्याच व्यवस्थेत आली. सातबाऱ्यावरील गट क्रमांक व नकाशावरील गट क्रमांक यांचा मेळ बसणे हा आपल्या सर्व जमीन व्यवहाराचा आधार होय. संगणकाने काढलेल्या नकाशालाही हा नियम तितकाच लागू आहे.

संगणकातील साधन

संगणकाच्या परिभाषेत 'लायब्ररी' म्हणजे पुस्तकांचे घर नव्हे, तर तयार आज्ञांचा संग्रह होय. गुइडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या पायथन या संगणक भाषेसाठी असे अनेक संग्रह उपलब्ध आहेत. त्यांपैकी 'मॅटप्लॉटलिब' हा संग्रह जॉन हंटर यांनी २००३ साली प्रसिद्ध केला. आलेख, आकृत्या व नकाशे काढण्यासाठी तो जगभर वापरला जातो व त्यास मूल्य पडत नाही. त्याच्या जोडीला 'जिओपांडाज' हा संग्रह घेतला म्हणजे शेतांच्या सीमा वाचून त्या कागदावर उमटविता येतात.

मॅटप्लॉटलिबमध्ये लेखनासाठी मुख्यतः दोन आज्ञा आहेत. पहिली 'टेक्स्ट' ही होय. तिला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: आडवे अंतर, उभे अंतर आणि लिहावयाचा मजकूर. दुसरी 'अ‍ॅनोटेट' ही आज्ञा मजकूर एका जागी लिहून तो कोणत्या बिंदूविषयी आहे हे बाणाने दाखविते. शेत लहान असून त्यात क्रमांक मावत नसेल तर क्रमांक बाहेर लिहून बाण आत नेणे हाच योग्य मार्ग होय.

येथे पहिली चूक संभवते. आपण बोलताना अक्षांश आधी व रेखांश नंतर सांगतो. या आज्ञांना मात्र आडवे अंतर, म्हणजे रेखांश, आधी द्यावा लागतो. कागल शहर सुमारे १६.५८ उत्तर अक्षांश व ७४.३२ पूर्व रेखांश येथे आहे. हेच आकडे उलट क्रमाने दिले तर कागलचे नाव नॉर्वेच्या मुख्य भूमीच्याही उत्तरेस समुद्रात जाऊन पडेल. एवढी मोठी चूक लगेच ध्यानात येते, कारण नाव नकाशातून दिसेनासे होते. खरा धोका लहान चुकांचा असतो, कारण त्या डोळ्यांस दिसत नाहीत.

क्रमांक नेमका कोठे पडतो?

समजा, दूधगंगेच्या एका वळणावर गट क्रमांक ११२ ही जमीन घोड्याच्या नालेसारखी वळलेली आहे आणि त्या वळणाच्या कुशीत गट क्रमांक ११३ आहे. संगणकास 'प्रत्येक शेताच्या मध्यावर त्याचा क्रमांक लिही' असे सांगितले, तर तो शेताचा गुरुत्वमध्य काढतो. चौकोनी शेताचा गुरुत्वमध्य शेतातच असतो. नालेच्या आकाराच्या शेताचा गुरुत्वमध्य मात्र शेताबाहेर, म्हणजे मधल्या पोकळीत पडतो. परिणामी ११२ हा आकडा ११३ च्या जमिनीत उमटतो. संगणकाने आज्ञा चोख पाळलेली असते, रेषाही अचूक असतात, आणि तरीही नकाशा खोटे बोलतो.

याचा परिणाम काय होतो ते पाहण्यासारखे आहे. ११२ मधील मातीचा सामू साडेआठाहून अधिक निघाला व ती चोपण ठरली, तर तिला जिप्समची शिफारस होईल. ११३ मधील माती निरोगी आहे असे धरू. नकाशा हाती घेऊन शिवारात गेलेला कार्यकर्ता आकडा जेथे दिसतो तेथे जिप्सम टाकावयास सांगेल. निरोगी जमिनीच्या धन्याचा पैसा विनाकारण खर्च होईल, आणि चोपण जमिनीत लावलेला ऊस पूर्वीसारखाच पिवळा पडत राहील. पुढे दोघांचाही माती परीक्षणावरील विश्वास उडेल, व हे नुकसान जिप्समच्या किमतीपेक्षा मोठे आहे.

यावर उपाय सोपा आहे. जिओपांडाजमध्ये गुरुत्वमध्याऐवजी 'प्रातिनिधिक बिंदू' मागता येतो. हा बिंदू शेताच्या सीमेच्या आतच असतो. गट क्रमांक लिहिण्यासाठी नेहमी हाच बिंदू घ्यावा.

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सूरतगड येथे मृद आरोग्य पत्रिका योजनेचा आरंभ झाला. तीत बागायत क्षेत्रासाठी अडीच हेक्टरांस एक व जिरायत क्षेत्रासाठी दहा हेक्टरांस एक नमुना असे प्रमाण धरण्यात आले. अशा नमुन्यांचे ठिकाण नकाशावर दाखविताना नमुन्याचा क्रमांक व गट क्रमांक यांत गोंधळ होऊ नये म्हणून दोहोंचा रंग वेगळा ठेवावा आणि सूचीत तसे स्पष्ट लिहावे.

देवनागरी अक्षरांची अडचण

नकाशा गावासाठी असेल तर त्यावरील नावे मराठीतच हवीत. येथे दोन अडचणी येतात. पहिली अशी की, मॅटप्लॉटलिबबरोबर येणाऱ्या मूळ टंकात देवनागरी अक्षरे नसतात. त्यामुळे नावाच्या जागी रिकाम्या चौकटी उमटतात. 'नोटो सॅन्स देवनागरी' किंवा र. कृ. जोशी यांनी रचलेला 'मंगल' यांसारखा देवनागरी टंक निवडला म्हणजे चौकटी जाऊन अक्षरे येतात.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. कागल तालुक्यातील सिद्धनेर्ली हे गाव तिचे उत्तम उदाहरण होय. या नावात ऱ्हस्व वेलांटी आहे, 'द्ध' हे जोडाक्षर आहे व 'र्ली' मध्ये रफार आहे. संगणक 'सि' साठवताना आधी 'स' व मग वेलांटी साठवतो. पण कागदावर वेलांटी 'स'च्या आधी यावी लागते. रफाराचा 'र' साठवला जातो 'ल'च्या आधी, पण दिसावा लागतो 'ल'च्या डोक्यावर. ही जुळणी करणारी यंत्रणा वेगळी असते. मॅटप्लॉटलिबच्या अनेक वापरात असलेल्या आवृत्त्यांत ती नाही. त्यामुळे वेलांटी चुकीच्या बाजूस जाते, जोडाक्षर हलन्त चिन्हासह फुटते आणि रफार तुटून पडतो. चिकोत्रा, म्हाकवे, व्हन्नूर, बिद्री या नावांचीही हीच गत होते. कागल, मुरगूड, करनूर ही नावे मात्र ठीक उमटतात, आणि त्यामुळे तपासणाऱ्याचा समज होतो की सर्व काही ठीक आहे.

एवढ्यासाठी चाचणी घेताना सोपे नाव घेऊ नये. सिद्धनेर्ली हे नाव लिहून पाहावे. ते शुद्ध उमटले तर बाकीची नावे बहुधा शुद्ध उमटतील. अशुद्ध उमटले तर पुढीलपैकी एक उपाय योजावा.

पहिला उपाय असा की, आकृती 'एसव्हीजी' प्रकारात जतन करावी, व अक्षरांचे रेषांत रूपांतर न करता ती अक्षरे म्हणूनच ठेवावीत अशी सूचना संगणकास द्यावी. मग ती आकृती ब्राउझरमध्ये उघडून तेथून छापावी. अक्षरांची जुळणी ब्राउझर स्वतः बिनचूक करतो. मात्र त्या संगणकात देवनागरी टंक असला पाहिजे. या पद्धतीत अक्षरांभोवती पांढरी कड काढू नये, कारण कड काढताच अक्षरांच्या रेषा होतात व चूक परत येते. अक्षर उठून दिसावे म्हणून त्यामागे पांढरी चौकट द्यावी.

दुसरा उपाय म्हणजे 'एमपीएलकैरो' हा जोडसंग्रह वापरणे. तो जुळणीच्या यंत्रणेचा उपयोग करू शकतो, मात्र ती यंत्रणा संगणकात असली पाहिजे. तिसरा उपाय म्हणजे सीमा व आकडे तयार करून नावे लिहिण्याचे काम 'क्यूजीआयएस' या विनामूल्य नकाशा प्रणालीत करणे.

नाव कसे व केवढे लिहावे?

स्वित्झर्लंडचे नकाशाशास्त्रज्ञ एडुआर्ड इम्होफ यांनी १९६२ साली नकाशावरील नावांच्या मांडणीविषयी जे विवेचन केले, ते आजही मार्गदर्शक मानले जाते. गावाच्या बिंदूचे नाव शक्यतो बिंदूच्या उजवीकडे, किंचित वर लिहावे. नदीचे नाव नदीच्या वळणाला धरून लिहावे, पण ते उलटे वाचावे लागू नये. कोणते नाव कोणत्या वस्तूचे आहे याविषयी वाचणाऱ्यास शंका राहू नये.

मॅटप्लॉटलिबमध्ये ही मांडणी करता येते. अक्षरे बिंदूच्या डावीकडे, उजवीकडे, वर वा खाली धरण्याची सोय आहे, तसेच ती तिरपी फिरविण्याचीही आहे. अ‍ॅनोटेट आज्ञेत नाव बिंदूपासून ठराविक अंतरावर ठेवता येते. नकाशा लहानमोठा केला तरी हे अंतर बदलत नाही. नावे एकमेकांवर चढत असतील तर 'अ‍ॅडजस्टटेक्स्ट' हा संग्रह ती आपोआप बाजूस सारतो. तथापि गट क्रमांकांच्या बाबतीत त्यावर विसंबू नये. सारलेला क्रमांक शेजारच्या शेतात जाऊ शकतो.

अक्षरांचा आकार पॉइंटमध्ये मोजतात. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. नकाशा मोठ्या कागदावर, म्हणजे ए-३ वर, तयार करून तो ए-४ वर लहान करून छापला तर ८ पॉइंटचे अक्षर सुमारे ५.७ पॉइंटचे होते. त्यात मात्रा व वेलांट्या वाचता येत नाहीत. म्हणून ज्या कागदावर छापावयाचे त्याच मापाने नकाशा आरंभीच काढावा.

नाव आटोपशीर करण्याच्या भरात ते अपुरे करू नये. कागल तालुक्यात कसबा सांगाव व मौजे सांगाव ही दोन वेगळी गावे आहेत. नुसते 'सांगाव' लिहिले तर ते कोणते हे कळणार नाही. पिंपळगाव खुर्द व पिंपळगाव बुद्रुक यांचेही तसेच. याउलट, शेतमालकाचे नाव व त्याचा दूरध्वनी क्रमांक चावडीवर लावण्याच्या नकाशावर लिहिण्याचे कारण नाही. गट क्रमांक तेवढा पुरेसा आहे.

आलेखाच्या बाबतीतही हीच दृष्टी ठेवावी. सेंद्रिय कर्ब व उसाचे उत्पादन यांचा आलेख काढला आणि त्यात एखादे शेत सर्वांहून वेगळे दिसले, तर त्या बिंदूशेजारी त्याचा गट क्रमांक लिहावा. सर्व बिंदूंवर क्रमांक लिहिल्यास आलेख वाचता येत नाही.

अखेरची तपासणी शिवारात

नकाशा छापून झाल्यावर काम संपले असे समजू नये. राज्य शासनाच्या 'महाभूनकाशा' या संकेतस्थळावर गावाचा गट नकाशा पाहता येतो. त्याच्याशी प्रथम ताळा घ्यावा. त्यानंतर नकाशा गावात न्यावा आणि जाणत्या शेतकऱ्यांस आपापले शेत बोटाने दाखविण्यास सांगावे. ज्याचे बोट एका जागी व क्रमांक दुसऱ्या जागी पडेल, तेथे चूक आहे असे समजून ती दुरुस्त करावी. नदीकाठची, वळणाची व अरुंद पट्ट्यांची शेते आधी तपासावीत, कारण चुका तेथेच अधिक होतात. दुरुस्तीनंतर नकाशाच्या कोपऱ्यात तयार केल्याची तारीख लिहावी व जुन्या प्रती परत घ्याव्यात.

संगणकाला शिवार ठाऊक नसते. त्याला आकडे ठाऊक असतात. बांध कोणाचा, ओघळ कोठून जातो व नदीने वळण कोठे घेतले हे ज्याच्या पायाखालचे आहे, त्याने नकाशावरील प्रत्येक क्रमांक एकदा वाचून घ्यावा. तेवढे झाले म्हणजे ११२ ची शिफारस ११२ मध्येच जाईल.