गोठलेला रक्तद्रव आणि वितळविण्याचे यंत्र

आमचे आयुष्य विडी कामगार आणि साखर कारखान्यांतील मजूर यांच्या संघटनेत गेले. यंत्रांची विद्या आम्ही ती चालविणाऱ्यांकडून शिकलो. त्याच दृष्टीने आज रक्तपेढीतील एका लहान यंत्राचा विचार करू.

दान केलेल्या रक्तातून तांबड्या पेशी वेगळ्या काढल्या की पिवळसर रक्तद्रव मिळतो. रक्त साकळण्यास लागणारे घटक त्यात असतात. ते नाशवंत असल्याने काही तासांतच पिशवी गोठवून उणे ३० अंश सेल्सिअस वा त्याहून थंड पेटीत ठेवतात. तेथे ती वर्षभर टिकते.

परंतु मध्यरात्री अकोले तालुक्यातून अतिरक्तस्राव झालेली बाळंतीण आली, तर गोठलेली पिशवी तिच्या काय कामाची? ती ३० ते ३७ अंशांत वितळवावी लागते; त्यास साधारण २० ते ३० मिनिटे लागतात. घाईने उष्णता वाढविली तर प्रथिने बिघडतात. वितळलेली पिशवी पुन्हा गोठविता येत नाही. २ ते ६ अंशांत ठेवून २४ तासांत वापरावी लागते.

यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची. पाण्याचे यंत्र स्वस्त, आणि पिशवीला सर्व बाजूंनी सारखी ऊब देते. मात्र कोमट पाण्यात जंतू वाढतात. म्हणून पिशवीस दुसरे वेष्टन हवे, तिची तोंडे पाण्याबाहेर हवीत आणि पाणी वरचेवर बदलले पाहिजे. जड पाण्याने तापकावर क्षार बसतात, हे बोअरचे पाणी तापविणाऱ्या गृहिणीस सांगावयास नको. कोरड्या यंत्रात पिशवीस पाणी लागतच नाही; पण किंमत अधिक.

मग निवड कशी करावी? सर्व पिशव्या एकदम ठेवल्या तरी तापमान टिकते का, हे वेगळ्या तापमापकाने पाहावे. तापमान चढल्यास घंटा वाजून यंत्र आपोआप बंद होते का? वीज गेल्यास सोय काय? दुरुस्तीचा माणूस किती तासांत येतो?

एके ठिकाणी केवळ दर कमी म्हणून दोन पिशव्यांचे यंत्र घेतलेले आम्ही पाहिले. रात्री चार लागल्या, तेव्हा निम्म्या थांबल्या. रात्रपाळीच्या तंत्रज्ञास कोणी आधी विचारलेच नव्हते!

१ जानेवारी १९९८ पासून आपल्या देशात पैसे देऊन रक्त घेण्यास बंदी आहे. म्हणजे त्या पिशवीत कुणीतरी विनामूल्य दिलेले रक्त असते. ते वाया न जाऊ देणे हा खरेदी-समितीचा पहिला हिशेब, दरपत्रक त्यानंतर.