भिंती पाडण्यापूर्वी

बडोद्यात गायनशाळा निघाली ती 1886 साली. सयाजीराव महाराजांचा आश्रय आणि मौलाबक्षांची विद्या यांच्या जोडीने घराण्यांच्या पडद्याआडचे गाणे वर्गात येऊन बसले. पुढे 1916 साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच शहरात भरली आणि 1949 साली येथे विद्यापीठ झाले. हा इतिहास जुन्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. आज लिहावयाचे आहे ते विद्येला जागा देणाऱ्या इमारतींविषयी.

थकलेल्या कॉलेज-इमारतींचा कायापालट करण्याची लाट हल्ली सर्वत्र आली आहे. जमिनीला खिळलेली बाके काढावयाची, मधल्या भिंती पाडावयाच्या, चाकांची टेबले व सरकते पडदे आणावयाचे. म्हणजे एकाच दालनात सकाळी व्याख्यान, दुपारी चर्चा आणि सायंकाळी तालीम होऊ शकते. मला ही कल्पना परकी वाटत नाही. माझे वडील दरबारी गवई. त्यांची तालीम झाली ती सतरंजीवरच. सतरंजी अंथरली की वर्ग, वर गादी-लोड मांडले की मैफल, आणि गुंडाळून ठेवली की पंगतीला जागा मोकळी! तेव्हा जागा बदलती असावी याबद्दल आमचे भांडण नाही. प्रश्न आहे तो आवाजाचा.

एका संस्थेत चार खोल्यांचे मिळून एक दालन झालेले मी पाहिले आहे. मध्ये प्लायवुडच्या घडीच्या भिंती आल्या. अलीकडे गायनाचा वर्ग, पलीकडे तबल्याचा. तंबोऱ्याची जोड जुळत आली की पलीकडून कायदा सुरू होई. खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार मुलांना ऐकवावा तरी कसा? तक्रार केल्यावर जाड पडदे व गालिचा आला. त्याने दालनातील घुमणे कमी झाले खरे, पण शेजारचा तबला उलट अधिकच स्पष्ट ऐकू येऊ लागला.

याचे कारण असे की घुमणे थांबविणे आणि आवाज अडविणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याचे शास्त्र एका बिघडलेल्या वर्गातूनच जन्मले. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातील व्याख्यानगृह 1895 मध्ये उघडले, पण तेथे एकेक शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सेबाईन या तरुण अध्यापकाने जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील गाद्या रात्री वाहून आणून एकेक मांडल्या आणि ऑर्गनच्या नळीचा सूर विरावयास किती वेळ लागतो ते मोजले. अंगावरच्या कपड्यांनीही मोजमापात फरक पडतो असे दिसताच तो दर वेळी तोच पोशाख घालू लागला! सर्व गाद्या आल्यावर घुमण्याचा काळ सव्वा सेकंदाच्याही आत आला. त्यातून नियम निघाला : खोलीचे आकारमान दुप्पट तर घुमणे दुप्पट, शोषून घेणारे साहित्य दुप्पट तर घुमणे निम्मे. ती इमारत 1973 मध्ये पाडली गेली. नियम मात्र आजही उभा आहे.

दुसरे काम वजनाचे आणि फटींचे. आवाज अडविते ती जड भिंत, मऊ कापड नव्हे. आणि आवाज पाण्यासारखा फटीतून झिरपतो. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या हिश्शाएवढी फट राहिली, तर उरलेली भिंत किल्ल्याची का असेना, आवाजाची घट 20 डेसिबलपलीकडे जात नाही. घडीची भिंत खोट्या छतापर्यंतच नेली, तर वरच्या पोकळीतून तबला सुखाने इकडे येतो. जुन्या बांधणीच्या दीड-दीड हात जाड भिंती हे काम वर्षानुवर्षे बिनबोभाट करीत आल्या आहेत.

हा केवळ शिक्षकाच्या सोयीचा प्रश्न नाही. पूर्वी वाड्याच्या माडीवर पहाटे खर्ज लावला तर कोणी हरकत घेत नसे. आज माझे बहुतेक विद्यार्थी फ्लॅटमध्ये राहतात. पहाटे पाचला तेथे ‘सा’ लावला की सहाला शेजारी दार ठोठावतात. अशा मुलांना कॉलेजची जाड भिंतीची खोली हीच रियाजाची एकमेव जागा. ती गेली की वर्ग राहील, परीक्षा राहील. गळा मात्र तयार होणार नाही.

म्हणून ज्यांच्या हाती अशी कामे आहेत त्यांच्यापाशी तीन मागण्या आहेत. दालने खुशाल मोकळी करा, पण दर मजल्यावर दोन-तीन जुन्या खोल्या भिंतींसकट राखा. सरकती भिंत घालावयाचीच तर ती वरच्या स्लॅबपर्यंत भिडवा आणि कडांना रबर लावा. आणि नकाशावर सही करण्यापूर्वी त्या रिकाम्या खोलीत एका मुलाला तंबोरा घेऊन बसवा, शेजारी दुसऱ्याला तबला वाजवू द्या, आणि मध्ये उभे राहून स्वतः ऐका. या परीक्षेला खर्च काहीच नाही. लागतो तो फक्त अर्धा तास.