पहिल्याच फेरीत हरलात? मग चालींचा तो कागद फेकू नका

पहिलीच स्पर्धा, पहिलीच फेरी आणि दहा मिनिटांत डाव खलास. घरात, शाळेत, पारावर सगळ्यांना हरवणारी पोरगी मान खाली घालून हॉलबाहेर येते. बाप त्या दिवसाच्या रोजावर पाणी सोडून सकाळच्या एसटीनं तालुक्याला आलेला असतो. "काय गं, एवढ्यात झालं पण?" एवढंच तो विचारतो आणि पोरीचे डोळे भरून येतात. बुद्धिबळाच्या स्पर्धेत पहिली फेरी सुरू झाली की हॉलच्या दाराशी हे चित्र हमखास दिसतं. पुष्कळ मुलांचं बुद्धिबळ तिथंच सुटतं.

खरं तर बहुतेक खुल्या स्पर्धा स्विस लीग पद्धतीनं होतात. त्यात हरलेला बाहेर जात नाही. पुढच्या फेरीत साधारण तेवढेच गुण असलेला खेळाडू समोर येतो आणि ठरलेल्या सगळ्या फेऱ्या खेळायला मिळतात. काही ठिकाणी बाद पद्धत असते, म्हणून नाव देतानाच विचारून घेतलेलं बरं. पण स्विस असेल तर पहिल्या पराभवावर घरची एसटी पकडण्याचं काहीच कारण नाही.

आता दहा मिनिटांत डाव जातो कसा, ते पाहू. उदाहरणादाखल घेतलेला हा डाव नवख्या मुलांमध्ये इतक्यांदा होतो की अनेकांना तो आपलाच वाटेल. घरात पट असेल तर समोर मांडा. पटावरच्या उभ्या ओळींना ए ते एच अशी अक्षरं असतात आणि आडव्या ओळींना १ ते ८ आकडे. पांढऱ्याची बाजू १ कडून.

पांढरा राजापुढचं प्यादं दोन घरं पुढं घेतो, ई४ वर. काळ्याकडून खेळणारी आपली पोरगी तेच करते, प्यादं ई५ वर. दुसऱ्याच चालीला पांढऱ्याचा वजीर तिरका धावत एच५ वर येऊन बसतो. वजीर एवढ्या लवकर बाहेर काढणं ही खरं तर चांगली चाल नाही. पण नवख्याला धडकी भरते. मोठा मोहरा अंगावर आलाय, आधी त्याला हुसकावा, असं वाटतं. पोरगी जी ओळीतलं प्यादं एक घर पुढं करते, जी६ वर. वजिरावर मारा बसला, आता तो पळणार!

वजीर पळत नाही. तो आडवा सरकून ई५ वरचं प्यादं खातो आणि शहही देतो. त्याच घरावरून त्याची तिरकी नजर कोपऱ्यातल्या हत्तीवरही असते, कारण मधलं प्यादं नुकतंच पुढं गेलंय. पोरगी स्वतःचा वजीर मध्ये घालून शह अडवते आणि पुढच्या चालीला हत्ती जातो. चार चालींत एक प्यादं आणि एक हत्ती.

घरी विचारलं तर ती सांगेल, "हत्ती गेला म्हणून हरले." पण चूक हत्तीची नाही, त्याच्या दोन चाली आधीची आहे. एच५ वरच्या वजिराचा मारा ई५ च्या प्याद्यावर होता आणि त्या प्याद्याला राखण नव्हती. आपण वजिराला काय करू शकतो, एवढंच तिनं पाहिलं. वजीर आपलं काय करू शकतो, हे पाहायचं राहिलं.

बरोबर चाल होती वजिराच्या बाजूचा घोडा सी६ वर काढण्याची. घोडा बाहेर येतो आणि प्याद्याला राखणही मिळते. मग पांढरा उंट सी४ वर आणतो. आता वजीर आणि उंट दोघांचा डोळा राजाशेजारच्या एफ७ प्याद्यावर असतो. इथं दुर्लक्ष झालं तर पुढच्या चालीला थेट मात. आणि नेमकं इथंच ते जी६ खेळायचं! ई५ राखलेलं असल्यामुळे वजिराला मागं हटावंच लागतं. तो एफ३ वर जाऊन पुन्हा एफ७ कडे बघू लागला, तर दुसरा घोडा एफ६ वर आडवा टाकायचा. म्हणजे जी६ ही चालच वाईट नव्हती, ती एक चाल लवकर झाली. पाठ केलेल्या चाली स्पर्धेत दगा देतात त्या अशाच.

दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग पडते. हत्ती खायला पांढऱ्याचा वजीर कोपऱ्यात गेला, तेव्हा त्याचं ई४ चं प्यादं उघडं पडलं होतं. काळ्याचा वजीर ते प्यादं शह देऊन खाऊ शकत होता. हत्तीची भरपाई त्यानं होत नाही, पण समोरच्याला हातपाय हलवावे लागले असते. पोरीनं मात्र हत्ती गेल्याबरोबर घाईघाईत कडेचं प्यादं ढकललं आणि पुढच्या चालीही तशाच. डाव संपला तेव्हा तिच्या घड्याळात भरपूर वेळ शिल्लक होता. मोठं नुकसान झालं की हात मांडीखाली दाबून बसायचं, असं जुने खेळाडू सांगतात. हसू येईल, पण उपाय लागू पडतो.

काही डाव चालींमुळे नाही, नियमांमुळे जातात. आजोबांकडून देशी पद्धतीनं शिकलेल्या मुलांचा इथं घोटाळा होतो. देशी बुद्धिबळात गावोगाव नियम थोडे वेगळे. कुठं प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालतं, कुठं राजाला एकदा घोड्याची चाल मिळते, शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं त्या घराचाच मोहरा होतं. स्पर्धेत यातलं काही चालत नाही. तिथं फिडे या जागतिक संघटनेचे नियम असतात. ज्या मोहऱ्याला मुद्दाम हात लावला, तो चालवता येत असेल तर तोच चालवावा लागतो. ज्या हातानं चाल केली, त्याच हातानं घड्याळ दाबायचं. लांब वेळेच्या डावात बेकायदा चाल झाली तर पहिल्यांदा समोरच्याला दोन मिनिटं जादा मिळतात, दुसऱ्यांदा डावच जातो. मोबाईल खिशात ठेवून खेळायला बसणंही अंगाशी येतं, त्यावरून डाव जाऊ शकतो. समोरच्यानं काही विचित्र केलं, समजा त्याचं प्यादं बाजूनं निघून गेलेलं तुमचं प्यादं खाऊन बसलं, तर भांडू नये. घड्याळ थांबवून पंचांना बोलवावं. तो नियम खरोखर आहे, फक्त पारावर फारसा कुणी खेळत नाही.

आता त्या कागदाबद्दल. लांब वेळेच्या डावात प्रत्येक चाल स्कोअरशीटवर लिहावी लागते. मुलांना ती कटकट वाटते आणि हरल्यावर कागद चुरगळून टाकला जातो. पण डाव कुठं बिघडला हे दोन दिवसांनी आठवणीतून सांगता येत नाही, कागदावरून सांगता येतं. झटपट डावात लिहिण्याची सक्ती नसते. तिथं डाव संपल्या संपल्या आठवतील तेवढ्या चाली वहीत उतरवाव्यात.

घरी आल्यावर आधी पटावर डाव पुन्हा मांडावा, मोबाईल बाजूला ठेवून. जिथं पहिल्यांदा 'अरे बापरे' वाटलं तिथं पेन्सिलीनं खूण करायची आणि तिथून दोन-तीन चाली मागं जायचं. चूक बहुतेक वेळा तिथं सापडते. मग मोबाईल. लिचेसवर चाली भरल्या की संगणक प्रत्येक चुकीवर बोट ठेवतो, आणि ते पूर्ण मोफत आहे. आधीच मोबाईल उघडला तर उत्तर मिळतं, पण आपण त्या वेळी काय विचार करत होतो, ते कळायचं राहून जातं. संगणकाला तेवढं माहीत नसतं.

हरलेल्या पोराला रागावणाऱ्या घरच्यांसाठी एक दाखला. २०२४ मध्ये सिंगापूरला झालेल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत डी. गुकेश पहिलाच डाव हरला होता, तोही पांढऱ्या मोहऱ्यांनी. पुढं १२ डिसेंबरला चौदाव्या आणि शेवटच्या डावात चीनच्या डिंग लिरेननं ५५व्या चालीला हत्तींची अदलाबदल करायला हत्ती पुढं केला. हत्ती गेले की गुकेश उंटांचीही अदलाबदल करू शकतो आणि उरलेल्या राजा-प्याद्यांच्या डावात जिंकतो, हे त्याच्या नजरेतून सुटलं. घड्याळात तेव्हा मिनिटं शिल्लक होती. समोर बसलेला गुकेश १८ वर्षांचा होता. त्यानं ती चूक पकडली आणि जगज्जेता झाला. डिंग तेव्हा जगज्जेता होता, तरी त्याच्याही हातून ही चूक झालीच.

परतीच्या एसटीत "का हरलीस?" असं विचारू नये. "कितव्या चालीपर्यंत बरं चाललं होतं?" असं विचारावं. पोरगी कागद उघडून दाखवू लागते.