रंग हुकलेला चित्रकार

कर्जतला आमच्या आजोबांच्या गोठ्यात एक लोखंडी नांगर भिंतीला टेकवून ठेवलेला असे. ट्रॅक्टर आल्यावर त्याचे काम संपले, पण तो मोडीत घालायला आजोबा तयार नव्हते. ‘किर्लोस्करचा आहे’, एवढेच म्हणत. पुढे मी चित्रकलेचा शिक्षक झालो. हा नांगर घडवणारा माणूस मुळात चित्रकार व्हायला निघाला होता, हे मला फार उशिरा कळले. त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांविषयी आज थोडे बोलायचे आहे.

त्यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन रमत नसे. ओढ दोनच गोष्टींची, चित्रे आणि यंत्रे. चित्रे काढून पोट भरेल असे त्या काळच्या वडिलांना वाटणे शक्य नव्हते. मात्र थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोनेक वर्षे झाली आणि लक्षात आले, की त्यांना काही रंगांतला फरक नीट ओळखता येत नाही. आपण त्याला रंगांधत्व म्हणतो.

शब्द भयंकर आहे, पण यात माणूस आंधळा नसतो. डोळ्याच्या पडद्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यातला एखादा प्रकार कमी पडला, की बहुधा तांबडा आणि हिरवा एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. आकार, रेघ, उजेड-सावली सगळे व्यवस्थित दिसते. जन्मापासून तसेच दिसत असल्याने त्या माणसाला स्वतःलाही पत्ता नसतो. बायकांपेक्षा पुरुषांत हे प्रमाण पुष्कळ जास्त आहे.

हे मी आज सांगतो, पण नोकरीच्या सुरुवातीला मला यातले काही ठाऊक नव्हते. एका मुलाने कडुलिंबाची पाने चक्क तपकिरी रंगवली. मी तो कागद वर्गाला दाखवला. वर्ग हसला, मीही हसलो. त्यानंतर तो मुलगा रंगाची पेटी आणेनासा झाला. लक्ष्मणरावांची हकीकत वाचताना मला पहिल्यांदा तो कागद आठवला.

रंग गेले तरी लक्ष्मणरावांनी हातातली पेन्सिल ठेवली नाही. ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. यंत्र समोरून कसे दिसते, वरून कसे, बाजूने कसे, हे मापासह काढायचे, म्हणजे कारागिराला त्यावरून लाकडी नमुना करता येतो. तो नमुना मातीत दाबून साचा करायचा आणि त्यात लोखंड ओतायचे. या चित्रात रंगाचा संबंधच नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हेच शिकवू लागले. हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली.

बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि रामुअण्णा त्या विकत. सायकल चालवायला शिकवण्याचे १५ रुपये वेगळे! पुढे तिथेच छोटा कारखाना निघाला. आधी कडबा कापायचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर. पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यांना हसू नये. पिढ्यान्‌पिढ्यांचा लाकडी नांगर सोडून देणे म्हणजे वर्षाच्या भाकरीशी खेळ होता. पण लाकडी नांगर जमीन फाडतो, लोखंडी नांगर ती उलथतो. आमच्या काळ्या रानात हरळीच्या मुळ्या वर आणून उन्हात टाकायच्या, तर माती पलटायलाच हवी. हे एकदा पटल्यावर नांगर खपू लागले.

तेवढ्यात नगरपालिकेच्या योजनेत कारखान्याची जागा गेली. कारागीर, यंत्रे, सगळे घेऊन जायचे कुठे? अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. आमच्या तालुक्यात राशीनला यमाई आहे, तशी औंधच्या डोंगरावरही यमाई आहे. तेच हे औंध. सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून बाळासाहेब लोकांना माहीत आहेत, पण ते स्वतः चित्रकार होते. त्यांचे चित्ररामायण १९१६ साली छापून निघाले आणि त्यांनी जमवलेल्या चित्रांचे संग्रहालय औंधला आजही आहे. वयाने ते लक्ष्मणरावांपेक्षा एकाच वर्षाने मोठे. एकाला रंग लाभले, दुसऱ्याला नाहीत. दोघांचे जमले यात मला नवल वाटत नाही. हा माझा चित्रकलेच्या मास्तरचा पक्षपात समजा हवे तर.

बाळासाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जागा दिली आणि १० हजार रुपये कर्जाऊ दिले. जागा म्हणजे निवडुंगाचे रान, त्यात नाग. १० मार्च १९१० रोजी तिथे काम सुरू झाले. रेल्वे दाराशी, एवढीच काय ती सोय. पंचवीसेक कामगार बायकामुलांसह त्या माळावर राहायला आले. लक्ष्मणरावांनी माणसेही अशीच निवडली, जी दुसऱ्या कोणी निवडली नसती. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनिअर झाले. दरोड्यासाठी शिक्षा भोगलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग तिथे इमानी पहारेकरी झाले. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा तर नियमच होता. माणसांची पारख करायला रंग ओळखावे लागत नाहीत.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवून नांगर करायला दिल्या, असे सांगतात. चित्रकला मात्र त्या वाडीतून गेली नाही. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव स्वतः चित्रकार. कारखान्याची खबर देणाऱ्या १९२० च्या छोट्या अंकातून त्यांनी ‘किर्लोस्कर’ मासिक उभे केले.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. कुंडल रोडचे स्टेशन आता किर्लोस्करवाडी म्हणूनच ओळखले जाते.

निवृत्तीच्या आधीची काही वर्षे मी आजोबांचा तो नांगर बैलगाडीतून शाळेत नेऊन ठेवला होता. नव्या वर्गाला पहिल्या दिवशी रंग उघडू देत नसे. सगळ्यांनी नुसत्या पेन्सिलीने तो नांगर काढायचा. माती पलटवणाऱ्या लोखंडी पत्र्याचा बाक भल्याभल्यांना जमत नाही. तास संपल्याची घंटा व्हायची आणि मुले तरी खोडरबर घासत बसलेली असायची.