परसबागेने उन्हाळा कसा काढावा



होळी झाली की परसातल्या भाजीची रया जाऊ लागते. महिन्याभरापूर्वी ताटात येणारी मेथी, पालक, वालाच्या शेंगा दिसेनाशा होतात. टोमॅटोला फुले येतात आणि गळून पडतात. दुपारी पाहावे तर दुधीच्या वेलाने माना टाकलेल्या. घरची बाई कळशीमागून कळशी पाणी आणून ओतते आणि वैशाखात हताश होऊन म्हणते, "एवढं पाणी घातलं, तरी बाग गेली ती गेलीच!" आज विचार करायचा आहे तो याच तक्रारीचा. बाग जाते ती नुसत्या उन्हाने, की आपल्या हिशेबाच्या चुकीने?

उदाहरणाला वसईकडचे सातिवली घेऊ. पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर, पश्चिमेला काही मैलांवर समुद्र. आता तिथे कारखान्यांचे गाळे आणि इमारती उभ्या आहेत. तरी घरामागे हातभर जागा असली, की चार भाज्या लावायची हौस कोकणातल्या माणसाला असतेच.

आधी हवेचे पाहू. दिवस वर आला की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची गार हवा तिची जागा घेते. हे आपले खारे वारे. रात्री उलट होते, ते मतलई वारे. मार्च-एप्रिलमध्ये काही दिवस पूर्वेकडचे कोरडे वारे जोर धरतात. खाऱ्या वाऱ्यांना आत यायला दुपार उलटते आणि पारा एकदम चढतो. १४ एप्रिल १९५२ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ४२.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. मे महिन्यात दुपार एवढी कडक नसते, पण रात्री उकाडा हटत नाही. म्हणजे भाजीवर संकटे दोन: आधी कोरडा तडाखा, मग न निवणारी रात्र.

कोरड्या तडाख्यात मुळे जेवढे पाणी ओढतात, त्याहून जास्त पाने हवेत सोडतात. म्हणून दुपारी पाने लोंबतात. हे पाहून भर उन्हात पाणी ओतण्याची घाई करू नये. दिवस मावळल्यावर वेल पुन्हा टवटवीत झाला, तर त्याला तहान नव्हती. तो उन्हापासून अंग चोरत होता. सकाळीही पाने लोंबलेलीच दिसली, तर मात्र बोटभर माती उकरून पाहावी. आत कोरडी असेल तर पाणी द्यावे. ओली असूनही वेल मलूल असेल, तर मुळे कुजत असण्याचा संभव आहे. तिथे आणखी पाणी म्हणजे आणखी नुकसान!

टोमॅटोचे दुखणे निराळे. दिवसा ३५ अंशांच्या पुढे आणि रात्री २४-२५ अंशांच्या वर उष्णता राहिली, की त्याचे पराग नीट काम देत नाहीत. फळ धरत नाही, फूल गळते. आपल्या किनारपट्टीला मे महिन्यात रात्रीचा पारा सहसा २६-२७ च्या खाली उतरत नाही. मग कितीही पाणी घातले तरी फळ कुठून येणार? त्या झाडावर ओतलेली कळशी फुकट जाते.

आता पाण्याचा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी पसरले, तर त्याची उंची एक मिलिमीटर भरते. कडक उन्हाळ्यात जमीन आणि पिके मिळून दिवसाला पाच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाणी उडते. दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद वाफ्याला रोज सुमारे चौदा लिटर, म्हणजे साधारण एक बादली हवी. असे चार वाफे असतील तर चार बादल्या. घरात उरते पाणी दोन बादल्यांचे, तेही डोक्यावरून आणलेले. मग आपण काय करतो? चारही वाफ्यांना अर्धी-अर्धी बादली शिंपडतो. वरची माती भिजते, खालची कोरडी राहते. मुळे ओलाव्याच्या ओढीने वर येतात आणि दुसऱ्या दिवशी तापल्या मातीत होरपळतात. चार वाफे अर्धपोटी ठेवण्यापेक्षा दोन पोटभर जगवावेत. उन्हाळ्यात बाग लहान करणे हाच शहाणपणा, बरं का!

कोणाला निरोप द्यायचा? पालक, कोबी, फुलकोबी, वाटाणा, वाल ही थंडीची पिके. फेब्रुवारीच्या अखेरीस वालाच्या चांगल्या शेंगा बियाण्याला राखून वेल काढून टाकावेत. कोणाला ठेवायचे? भेंडी, गवार, चवळी, लाल माठ, मायाळू, वांगी. मांडवावर दुधी, शिराळी, कारली, तोंडली. भेंडीला उष्णता मानवते, पण पांढऱ्या माशीमुळे पसरणारा केवडा रोग तिच्या पानांच्या शिरा पिवळ्या करतो. असे झाड दिसताच उपटून दूर टाकावे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली 'परभणी क्रांती' ही जात या रोगाला दाद न देणारी म्हणून काढली गेली होती.

वेलाला फुले आहेत पण फळ नाही, अशीही तक्रार असते. उष्णतेत नरफुले अधिक येतात. मादीफुलामागे इवलेसे फळ असते, त्यावरून ते ओळखावे. नरफूल तोडून त्याचे पराग मादीफुलावर हलकेच टेकवावेत. वेळ मात्र साधावी: दुधी आणि शिराळी संध्याकाळी फुलतात, काकडी आणि कारली सकाळी.

राखलेल्या वाफ्यांचे पाणी टिकवायला चार साधे उपाय आहेत. पहिला, पेंढा किंवा सुका पाला चार बोटे जाड पसरावा. बुंध्याशी मात्र टेकवू नये. दुसरा, न रंगवलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरावे, तोंड झाकावे आणि भोवती वेल लावावेत. माती सुकेल तसे पाणी पाझरते. तिसरा, पश्चिमेच्या उन्हाला नारळाच्या झावळ्यांचा किंवा जुन्या लुगड्याचा आडोसा करावा. मांडवाखालच्या सावलीत माठ सुखाने येतो. चौथा तर आजीचाच: मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ. तांदूळ, भाजी धुतलेले पाणी वाफ्याला द्यावे; साबणाचे मात्र पालेभाजीवर घालू नये.

"विहिरीवर पंप लावला की झालं, कशाला हा खटाटोप?" असे कोणी म्हणेल. त्याने किनाऱ्यालगतच्या विहिरींचा विचार करावा. तिथे जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची एक फूट पातळी असेल, तर खाली सुमारे ४० फूट गोडे पाणी धरून राहते. उपसा करून ती पातळी एक फूट उतरवली, की खालून खारे पाणी सुमारे ४० फूट वर सरकू लागते. मग पानांच्या कडा करपतात आणि पिण्याचे पाणीही मचूळ होते. वसईच्या वाड्यांतून जुन्या लोकांनी बावखले राखली. पावसाचे पाणी त्यांत साठते, बागेला पुरते आणि जमिनीतही मुरते. बावखल बुजवणे म्हणजे शेजारच्या विहिरीचा घास काढणे होय.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सांगणे. शाळेची परसबाग उन्हाने मरते त्याहून अधिक सुटीने मरते. मुलांनी वर्षभर राखलेले वाफे मे महिन्यात बेवारस होतात आणि जूनमध्ये मुले येतात तो नुसत्या काटक्या. म्हणून सुटीपूर्वीच बाग आवरावी. बी धरून घ्यावे, शेवगा, तोंडली आणि अळू एवढेच राखावे आणि शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या पाळ्या लावाव्यात. सुटी लागण्याआधी एक प्रयोगही करावा. दोन सारख्या कुंड्यांत सारखी माती आणि सारखे पाणी घालावे, एकीवर पाला पसरावा आणि दोन्ही रोज तराजूत घालाव्यात. कोणती लवकर हलकी होते, हे मुलांनाच वहीत लिहू द्यावे.

मेच्या अखेरीस रिकाम्या वाफ्यांत शेणखत घालून आळी करावीत आणि पडवळ, काकडी, शिराळीचे बी तयार ठेवावे. मृगाचा पाऊस पडला, की फेब्रुवारीत निरोप दिलेली जागा पुन्हा हिरवी होईल. तोवर दोन वाफे आणि दोन बादल्या पुरे. त्यात घरच्यांच्या ताटात भाजी पडेल आणि पाणी वाहणाऱ्या बाईच्या दोन खेपाही वाचतील.