मिनी स्क्रूचे नाजूक आठवडे

दात सरळ करण्याच्या उपचारात जबड्याच्या हाडात बसवला जाणारा मिनी इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमच्या मिश्रधातूचा एक बारीक स्क्रू. त्याची जाडी साधारण १.२ ते २ मिलिमीटर आणि लांबी ६ ते १२ मिलिमीटर असते. पडलेल्या दाताच्या जागी नवा दात बसवण्यासाठी जो इम्प्लांट वापरतात, त्याहून याचे काम अगदी वेगळे आहे. तो इम्प्लांट वर्षानुवर्षे टिकायचा असल्याने हाडाशी एकजीव होईपर्यंत थांबावे लागते. मिनी स्क्रूचे काम मात्र काही महिन्यांत किंवा वर्ष-दीड वर्षात संपते आणि मग तो फिरवून बाहेर काढायचा असतो. म्हणून त्याचा मुख्य भरवसा हाडात रुतलेल्या आट्यांच्या पकडीवर असतो.

त्याची गरज न्यूटनच्या तिसऱ्या नियमातून येते. पुढे आलेले दात मागे घेण्यासाठी अनेकदा उपदाढा काढून जागा केली जाते. मग पुढचे दात दाढांच्या आधाराने मागे ओढले की तेवढाच जोर उलट दिशेने दाढांवर येतो आणि दाढाही पुढे सरकू लागतात. दात काढून मिळवलेली जागा अशी भलत्याच बाजूने भरत जाते. यावर पूर्वी डोक्याला किंवा मानेला पट्टा बांधून दाढा रोखल्या जात, पण शाळकरी मुले तो पट्टा नेमाने लावत नसत. दाढांऐवजी हाडाचाच आधार घेतला की हा प्रश्न सुटतो.

ही कल्पना जुनी आहे. १९४५ मध्ये अमेरिकेत गेन्सफोर्थ आणि हिगली यांनी कुत्र्यांच्या जबड्यात व्हायटॅलियम या मिश्रधातूचे स्क्रू बसवून दात ओढून पाहिले. सारे स्क्रू सुमारे महिन्याभरात निघाले. १९८३ मध्ये क्रीकमोर आणि एकलुंड यांनी एका रुग्णाच्या नाकाखालच्या हाडात असाच स्क्रू बसवून वरचे पुढचे दात सुमारे सहा मिलिमीटर वर नेले. १९९७ मध्ये जपानच्या कानोमी यांनी १.२ मिलिमीटर जाडीचा स्क्रू वापरल्याचे प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून ही पद्धत जगभर पसरली. छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालयाच्या परिसरातील शासकीय दंत महाविद्यालय आणि कांचनवाडीचे सीएसएमएसएस दंत महाविद्यालय या दोन्ही ठिकाणी दात सरळ करण्याचा स्वतंत्र विभाग आहे. शहरात या शाखेचे खासगी दवाखानेही बरेच आहेत. मिनी स्क्रू आता अशा दवाखान्यांतल्या नेहमीच्या साधनांपैकी एक झाला आहे.

१९४५ चे स्क्रू महिनाभरातच का निघाले, याचे बरेचसे उत्तर हाड भरून येण्याच्या क्रमात सापडते. स्क्रू बसवल्या क्षणी जो घट्टपणा मिळतो तो निव्वळ यांत्रिक असतो. आटे हाडाचा बाहेरचा टणक थर कापत आत जातात आणि भोवतालचे हाड दाबून धरतात. या थराची जाडी किमान एक मिलिमीटर तरी असावी, असे मानले जाते. पण दाबलेल्या हाडात सूक्ष्म तडे गेलेले असतात आणि तिथला रक्तपुरवठाही तुटलेला असतो. शरीर हे जखमी हाड तसेच ठेवत नाही. हाड विरघळवणाऱ्या पेशी ते काढून टाकू लागतात आणि मागून नवे हाड घालणाऱ्या पेशी येतात. काढणे आधी आणि घालणे नंतर, असा हा क्रम असल्याने मधल्या काळात स्क्रूची पकड ढिली पडते. पुढे कच्चे, विस्कळीत हाड तयार होते आणि ते हळूहळू पक्क्या, थरदार हाडात बदलते. तेव्हा जैविक म्हणता येईल असा दुसरा घट्टपणा येतो.

म्हणजे मिनी स्क्रू बसवल्या दिवशी पक्का असतो, नंतर कमजोर होतो आणि मग पुन्हा सावरतो. कुत्र्यांवरील प्रयोगांत ही घसरण साधारण तिसऱ्या आठवड्यापर्यंत दिसली. माणसात हाडाची उलाढाल अधिक सावकाश चालते. जुने हाड काढून त्या जागी नवे भरण्याचे एक चक्र कुत्र्यात सुमारे १२ आठवड्यांत पुरे होते, माणसाला त्यासाठी सुमारे १७ आठवडे लागतात. त्यामुळे प्राण्यांवरचे आकडे माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात हे निश्चित. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात ४,९८७ मिनी स्क्रूंचा विचार केला होता. त्यांत अपयशाचे प्रमाण १३.५ टक्के आढळले. निम्म्याहून कितीतरी अधिक स्क्रू टिकतात ही जमेची बाजू, पण सातातला एक स्क्रू जातो हेही रुग्णाला आधी सांगायलाच हवे.

या काळात घात करते ती हालचाल. स्क्रू हाडात सुमारे ५० ते १५० मायक्रोमीटरपेक्षा जास्त, म्हणजे ढोबळमानाने एका केसाच्या जाडीपलीकडे हलत राहिला, तर त्याच्याभोवती हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते. ती एकदा जमली की पकड सुटते. म्हणून जबड्यात दोन मुळांमधली जागा फार काळजीपूर्वक निवडावी लागते. वरच्या जबड्यात दुसरी उपदाढ आणि पहिली दाढ यांमधली जागा सर्वाधिक वापरात आहे. स्क्रू मुळाला टेकला तर चावताना दात जेवढा हलतो तेवढा धक्का स्क्रूलाही बसतो, आणि मुळाची जवळीक हे अपयशाचे ठळक कारण ठरले आहे. एक्स-रे काढूनच जागा ठरवण्याचा आग्रह यासाठीच असतो.

किती पिळून बसवायचा, हाही नाजूक प्रश्न आहे. जपानच्या मोतोयोशी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ५ ते १० न्यूटन-सेंटिमीटर एवढा पीळ योग्य असल्याचे सुचवले. १० न्यूटन-सेंटिमीटर म्हणजे एक सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला सुमारे एक किलो वजन टांगल्यावर पडणारा पीळ. सुचवलेल्या मर्यादेहून पीळ कमी असेल तर आट्यांची पकडच पुरेशी नसते. जास्त असेल तर हाड इतके दाबले जाते की तेवढा भाग मरतो, आणि मेलेले हाड काढून टाकण्याचे काम वाढल्याने पुढची घसरण अधिक खोल होते. बसवताना हाताला फार घट्ट लागलेला स्क्रू हमखास टिकेल, हा समज त्यामुळे सोडून द्यायला हवा. खालच्या जबड्याचे हाड वरच्यापेक्षा टणक असूनही तिथले स्क्रू अधिक निघतात, ही विसंगती बहुधा यातूनच उलगडते. टणक हाडात पीळ आणि उष्णता दोन्ही वाढतात. हाडाचे तापमान मिनिटभर ४७ अंश सेल्सियसला पोहोचले तरी त्याला इजा होते. म्हणून हाताने, सावकाश, थांबत थांबत फिरवणे बरे.

ओढ कधी सुरू करावी, याबद्दलचे मत बदलले आहे. हाड भरून येईपर्यंत थांबण्याची पूर्वीची सावधगिरी आता फारशी पाळली जात नाही. दीडशे-दोनशे ग्रॅमची स्थिर, एकसारखी ओढ लगेच दिली तरी स्क्रू टिकतो, असे दिसून आले आहे. धोका असतो तो झटक्यांचा आणि उलटसुलट जोराचा. तरीही ओढीखाली स्क्रू अगदी जागचा हलत नाही असे नाही. तो किंचित झुकू शकतो, म्हणून मुळापासून थोडे अंतर राखतात.

उरलेली गोष्ट हिरडीची आहे. स्क्रूचे डोके हाडाला चिकटलेल्या, घट्ट हिरडीतून बाहेर यावे. गालाकडच्या सैल, हलत्या कातडीतून ते आले तर कातडी त्याच्यावर घासत राहते, सूज येते आणि सूज हाडापर्यंत उतरते. मऊ ब्रशने डोक्याभोवतीची जागा रोज स्वच्छ करणे, डॉक्टरांनी सांगितल्यास क्लोरहेक्झिडिनच्या गुळण्या करणे, जिभेने किंवा बोटाने स्क्रू चाळवत न बसणे, हे सारे पहिल्या महिन्यात विशेष महत्त्वाचे. ऊस दातांनी सोलणे, चिक्की फोडणे, सुपारी चघळणे या काळात टाळावे. तंबाखू आणि सिगारेट यांनी हिरडीचे आणि हाडाचे भरून येणे मंदावते. मराठवाड्यात तंबाखूची सवय किती खोलवर आहे हे पाहता, प्रौढ रुग्णाला या सवयीबद्दल स्क्रू बसवण्याआधी विचारले गेले पाहिजे.

तारांच्या उपचारात साधारण महिन्याने पुढची भेट दिली जाते. जालना, बीडकडून येणाऱ्यांना तेवढीच सोयीची पडते. पण स्क्रूची पकड सर्वांत ढिली असण्याचा काळ बहुधा अशा दोन भेटींच्या मध्ये येतो. शक्य असेल तिथे दोन-तीन आठवड्यांनी एक छोटी तपासणी ठेवावी, निदान फोनवर तरी चौकशी व्हावी. दवाखान्यात चिमट्याने हलवून पाहिले तरी अंदाज येतो. संशोधनात मात्र स्क्रूला हलके टोले देऊन मोजणारे पेरिओटेस्ट यंत्र किंवा कंपनांची वारंवारता मोजणारी पद्धत वापरतात.

स्क्रू थोडा हलत असेल, दुखत नसेल आणि सूज नसेल, तर ओढ कमी करून काही काळ पाहता येते. स्पष्ट डुगडुगत असेल तर तो काढून शेजारच्या जागी नवा बसवणेच योग्य. काम संपल्यावर स्क्रू उलट फिरवला की निघतो, बहुतेकदा भूल न देताही. उरलेले छोटे छिद्र वरून काही दिवसांत बुजते आणि आतले हाड पुढच्या काही महिन्यांत भरून येते.