महानायकांचे सामायिक विश्व : बळ कोठे, दुबळेपण कोठे

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातून वाहणारी वैनगंगा पुढे गोंदिया-भंडाऱ्याकडे वळून महाराष्ट्रात शिरते. जिल्ह्याच्या सीमाभागात, लांजीच्या परिसरात मराठी कानांवर पडते. १९५६ पर्यंत हा सारा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. रुडयार्ड किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधील मोगलीचे रान म्हणजे शेजारचा सिवनी आणि ही वैनगंगा. शेरखान मारला जातो तो याच नदीच्या कोरड्या घळईत. २०१६ साली डिस्नेने ही कथा पुन्हा पडद्यावर आणली तेव्हा दिग्दर्शक होता जॉन फाव्रो, आणि ते जंगल उभे राहिले लॉस एंजेलिसमधील चित्रीकरणगृहात, संगणकाच्या साहाय्याने. याच फाव्रोने त्याच्या आठ वर्षे आधी ‘आयर्न मॅन’ दिग्दर्शित केला होता. जगभरच्या चित्रपटधंद्याचे गणित बदलून टाकणाऱ्या सामायिक चित्रपट-विश्वाची पहिली वीट ती.

सामायिक विश्व म्हणजे मालिका नव्हे. एका नायकाचे भाग एक, दोन, तीन असे चित्रपट फार पूर्वीपासून निघत आले आहेत. आपल्याकडे ‘कोई मिल गया’ (२००३), ‘क्रिश’ (२००६) आणि ‘क्रिश ३’ (२०१३) ही त्याची उदाहरणे. सामायिक विश्वात प्रत्येक नायकाचा चित्रपट वेगळा, दिग्दर्शक वेगळा, कधी जातकुळीही वेगळी. मात्र सगळ्यांचे जग एकच, काळाची रेषा एकच, आणि एकाच्या कथेत घडलेले दुसऱ्याच्या कथेत खरे मानले जाते. भारतीय वाचकाला ही कल्पना समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. रामायणातला हनुमान महाभारतात भीमाची वाट अडवून बसतो, परशुराम दोन्ही महाकाव्यांत भेटतो, आणि कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला त्यात काही वावगे वाटत नाही. फरक एवढाच की त्या विश्वाचा मालक कोणी नव्हता.

मार्व्हलच्या विश्वाला मालक होता, आणि तो अडचणीत होता. स्पायडर-मॅनचे चित्रपटहक्क सोनीकडे, एक्स-मेन आणि फँटॅस्टिक फोरचे फॉक्सकडे गेले होते. हाती उरली ती सामान्य प्रेक्षकाला फारशी ठाऊक नसलेली पात्रे. २००५ मध्ये कंपनीने दहा पात्रांचे चित्रपटहक्क तारण ठेवून मेरिल लिंचकडून ५२.५ कोटी डॉलरची पतव्यवस्था मिळवली आणि स्वतःच चित्रपट काढायचे ठरवले. चित्रपट पडले असते तर पात्रेही हातची गेली असती. २००८ चा ‘आयर्न मॅन’ चालला. त्याच्या श्रेयनामावलीनंतर निक फ्युरी हे पात्र येऊन ‘ॲव्हेंजर्स’चा विषय काढते, ते काही क्षणांचे दृश्य म्हणजे प्रेक्षकाला दिलेले वचन होते. पुढच्याच वर्षी डिस्नेने मार्व्हल सुमारे चार अब्ज डॉलरला विकत घेतली. २०१२ मध्ये ‘द ॲव्हेंजर्स’ने वचन पाळले आणि २०१९ चा ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ हा बाविसावा चित्रपट जगभरात सुमारे २.८ अब्ज डॉलर कमावून गेला.

या पद्धतीचे पहिले बळ आर्थिक आहे. स्वतंत्र चित्रपटाला प्रत्येक वेळी शून्यातून प्रेक्षक जमवावा लागतो. विश्वातला चित्रपट आधीच्या चित्रपटाच्या खांद्यावर उभा राहून जाहिरात सुरू करतो. बोलणारे झाड आणि बंदूकधारी रॅकून घेऊन निघालेला ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ (२०१४) एरवी कोणत्या निर्मात्याने स्वीकारला असता? पण या लाभापेक्षा मोठे बळ कथनाचे आहे, आणि त्याकडे टीकाकारांचे दुर्लक्ष होते. अकरा वर्षे एकाच नटाला एकाच भूमिकेत वाढताना, चुकताना, वय होताना पाहिलेला प्रेक्षक टोनी स्टार्कच्या मृत्यूला रडतो, तेव्हा त्या अश्रूंमागे दोन-तीन तासांची कमाई नसते. अनेक चित्रपटांची असते. दीर्घ कादंबरीला किंवा वर्षानुवर्षे चालणाऱ्या दैनंदिन मालिकेला जे साधते ते चित्रपटगृहात प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर साधले गेले.

दुबळेपण याच बळाच्या पोटातून जन्माला आले. साठा वाढतो तसा तो नव्या प्रेक्षकाच्या वाटेत आडवा येतो. २०२१ पासून डिस्नेने आपल्या ओटीटी मंचावर मार्व्हलच्या मालिका सुरू केल्या. २०२२ चा दुसरा ‘डॉक्टर स्ट्रेंज’ पाहायला बसलेल्या माणसाने ‘वांडाव्हिजन’ ही मालिका पाहिली नसेल, तर आई म्हणून चवताळलेली वांडा त्याला अकारण खलनायिका वाटते. करमणुकीला गृहपाठाचे रूप येते. नोव्हेंबर २०२३ मधील ‘द मार्व्हल्स’मध्ये तीन नायिका होत्या आणि त्यांपैकी दोघींची ओळख आधीच्या मालिकांतून झालेली होती. जगभरात सुमारे २०.६ कोटी डॉलरवर तो थांबला. मार्व्हलच्या विश्वात तोवर इतकी कमी कमाई कोणत्याही चित्रपटाची नव्हती. अतिउत्पादनाने दर्जा पातळ झाला, हे खुद्द डिस्नेच्या प्रमुखांनीही त्या वर्षी मान्य केले. त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये मार्व्हलच्या दृश्यपरिणाम विभागातील कर्मचाऱ्यांनी संघटना बांधण्याच्या बाजूने एकमताने कौल दिला. वेळापत्रक आधी आणि कथा नंतर, या क्रमाची किंमत अखेर कोणाला तरी मोजावी लागते.

आणखी एक दोष फारसा बोलला जात नाही : अशा विश्वात मध्य असतो, शेवट नसतो. प्रत्येक चित्रपट पुढच्याची उधारी ठेवून संपतो. मृत्यूही कायमचा राहत नाही. टोनी स्टार्कला निरोप देऊन झाल्यावर तोच नट, रॉबर्ट डाउनी ज्युनियर, खलनायक डॉक्टर डूम म्हणून परतणार असे जाहीर झाले. आधी आखलेला खलनायक कँग साकारणाऱ्या नटाला न्यायालयात दोषी ठरल्यावर काढून टाकावे लागले आणि नियोजित चित्रपटाचे नावच बदलले. वीस चित्रपटांचा डोलारा एका माणसावर उभा असला की तो माणूस हलताच डोलारा हलतो.

इतरांनी मार्व्हलचे यश पाहिले, संयम मात्र पाहिला नाही. डीसीने २०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’पासून सुरुवात करून चार वर्षांत ‘जस्टिस लीग’ उरकली. मध्येच दिग्दर्शक बदलला, २०२१ मध्ये मूळ दिग्दर्शकाची चार तासांची आवृत्ती वेगळी आली, आणि शेवटी सारे मोडून जेम्स गनच्या हाती नवा डाव देण्यात आला. त्यातला ‘सुपरमॅन’ २०२५ च्या जुलैत झळकला. युनिव्हर्सलची गत याहून गमतीची. त्यांनी २०१७ मध्ये ‘डार्क युनिव्हर्स’ असे नाव, बोधचिन्ह आणि भावी नटांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध केले. ‘द ममी’ हा एक चित्रपट आला आणि विश्व तेथेच आटोपले. बारसे झाले, बाळ नव्हते.

आता आपल्याकडे पाहू. हिंदीत अशा विश्वाचा सर्वांत यशस्वी प्रयोग महानायकांचा नाही, भुताखेतांचा आहे. मॅडॉक फिल्म्सचा ‘स्त्री’ (२०१८) मध्य प्रदेशातील चंदेरीत घडतो आणि तेथेच बराचसा चित्रित झाला. ‘भेडिया’ (२०२२) अरुणाचलच्या जंगलात गेला. ‘मुंज्या’ (जून २०२४) कोकणात उतरला. ‘झोंबिवली’ आणि ‘फास्टर फेणे’ करणारा आदित्य सरपोतदार त्याचा दिग्दर्शक. मुंज झाल्यावर लगेच मेलेल्या मुलाचे पिंपळावरचे भूत ही मराठी घरांतली, आजीच्या तोंडून ऐकलेली कल्पना. मोठा तारा नसतानाही चित्रपटाने देशात १०० कोटींची मजल मारली. दोन महिन्यांनी आलेल्या ‘स्त्री २’ची देशातील निव्वळ कमाई ५०० कोटींच्या पुढे गेली.

या विश्वाचे बळ त्याच्या मातीत आहे. चंदेरीच्या अरुंद गल्ल्या, भिंतींवरचा ‘ओ स्त्री, कल आना’ हा मजकूर, कोकणातला समुद्र आणि झाडे यांची जागा दुसरे कोणतेही गाव घेऊ शकत नाही. पण विश्वाची ओढ नेमकी उलट दिशेची असते. जोडायचे म्हटले की सगळ्या भुतांना एका मापाचे करावे लागते : शक्ती मोजता आली पाहिजे, झुंज लावता आली पाहिजे. मुंज्या ही मुळात झुंजायची वस्तू नाही. ती एका मुलाची अपुरी राहिलेली इच्छा आहे आणि चित्रपटाच्या पूर्वार्धात तेच दुःख भीती निर्माण करते. उत्तरार्धात पाठलाग आणि संगणकी धुमश्चक्री सुरू झाल्यावर ते विरते. २०२५ च्या जानेवारीत निर्मात्यांनी २०२८ पर्यंतच्या आठ चित्रपटांचे वेळापत्रक जाहीर केले. त्यात ‘महामुंज्या’ आहे आणि शेवटी ‘पहला महायुद्ध’, ‘दूसरा महायुद्ध’ अशी दोन नावे आहेत. महायुद्धाची तारीख आधीच कळलेल्या प्रेक्षकाला मधल्या चित्रपटांत कोणाच्या जिवाची काळजी वाटावी, हा प्रश्न उरतोच.

मराठीने महानायकाचा स्वतंत्र प्रयत्न केलेला आहे, हे बहुतेकांच्या विस्मरणात गेले. निखिल महाजन दिग्दर्शित ‘बाजी’ २०१५ मध्ये आला. श्रेयस तळपदे त्यात मुखवटाधारी घोडेस्वार होता. त्यातून मालिका वा विश्व मात्र उभे राहिले नाही. विश्वासाठी तीन-चार चित्रपटांचा तोटा सोसण्याची ताकद लागते आणि मराठी निर्माता बहुधा एकाच चित्रपटाच्या कर्जात असतो. कारण एवढे साधे आहे. कल्पनेचा तुटवडा नाही.

तरीही छोट्या भाषेला हे अशक्य नाही, हे केरळने दाखवले. ऑगस्ट २०२५ मधील मल्याळम ‘लोका’चा पहिला भाग ‘चंद्रा’ हा कळियंकाट्टू नीली या तेथील यक्षिणीच्या दंतकथेवर उभा आहे. नायिका केंद्रस्थानी, दिग्दर्शक डॉमिनिक अरुण, आणि जगभरातील कमाई ३०० कोटींच्या घरात. मल्याळममधला तोवरचा उच्चांक. त्यांनी शहाणपणा केला तो असा की पहिल्या चित्रपटाला स्वतःची पूर्ण कथा दिली आणि पुढच्या पात्रांची केवळ चाहूल ठेवली. तेलुगूतील ‘हनुमान’नेही (२०२४) तुलनेने थोड्या पैशांत हेच केले.

दुसरी वाट विश्वाबाहेरची. बालाघाटच्या खऱ्या जंगलात चित्रित झालेला अमित मसुरकरचा ‘शेरनी’ (२०२१) ही एकट्या चित्रपटाची ताकद काय असते याची साक्ष आहे. नरभक्षक ठरवलेली वाघीण, तिला वाचवू पाहणारी वनाधिकारी, शिकाऱ्याला मोकळे रान देणारी व्यवस्था. यवतमाळच्या अवनी वाघिणीची आठवण येणार नाही असा मराठी प्रेक्षक विरळा. वाघीण मरते, नायिकेची बदली संग्रहालयात होते आणि पेंढा भरलेल्या प्राण्यांमध्ये चित्रपट थांबतो. सामायिक विश्वात असा शेवट बसणारच नाही, कारण तेथे पराभवसुद्धा पुढच्या भागाची जाहिरात असतो. कोकणात घडणारा ‘दशावतार’ (२०२५) हाही दिलीप प्रभावळकरांच्या एका वृद्ध कलावंताभोवती फिरून तेथेच पूर्ण होतो, आणि प्रेक्षकांनी त्याला गर्दी केली.

गोव्यासाठी हा विषय दूरचा नाही. येथील गावागावांत राखणदार आहे. रात्री हातात दांडा घेऊन सीमेवरून फिरणारा, भक्तांनी वाहिलेल्या वहाणा झिजवणारा देवचार आहे. मुंबईच्या एखाद्या निर्मात्याच्या वेळापत्रकात तो उद्या सहज बसू शकेल, कारण लोकश्रद्धेवर कोणाचाही स्वामित्वहक्क नसतो. हक्क निर्माण होतो तो तिच्यावरून बेतलेल्या चित्रपटाचा, आणि तो चित्रपट काढणाऱ्याचा. देवचार आजवर एका गावाच्या हद्दीत राहिला, त्या हद्दीबाहेर त्याची सत्ता चालत नाही हीच तर त्याच्या कथेतली गंमत. चंदेरीच्या भुताशी किंवा अरुणाचलच्या लांडग्याशी त्याची गाठ घालायची तर आधी ती हद्द पुसावी लागेल. येथील लेखक-दिग्दर्शकांनी त्याची गोष्ट त्याच्या हद्दीत राहून आधी सांगितली, तर बाहेरून येणाऱ्याला निदान तिची दखल घ्यावी लागेल.